चाकण ते चेय्यार : काँक्रीट पंपाच्या माहेरी

सोमवार : चाकण ते हुबळी

पहाटे पाचला चाकण सोडलं. गाडीत आम्ही तिघं. पुढे मी आणि आमचे फोरमन, ज्यांना साइटवरचे सगळे मामा म्हणतात. मागे आमचा पंप ऑपरेटर, बिहारमधल्या गोपालगंजचा पोरगा. आमचा धंदा काँक्रीट पंप भाड्यानं देण्याचा. पंप बहुतेक श्विंग स्टेटर या कंपनीचे. पोराला इरुंगाट्टुकोट्टैला, म्हणजे त्यांच्या चेन्नईजवळच्या कारखान्यात, प्रशिक्षणाला बसवायचं होतं आणि मामांना सुट्या भागांबद्दल समोरासमोर बोलायचं होतं. मला मात्र ती जागाच बघायची होती. एका जर्मन कंपनीची भारतातली शाखा 1998 साली चेन्नईच्या बाहेर सुरू होते आणि पाव शतकात चाकणपासून गुवाहाटीपर्यंत पंपवाल्यांच्या तोंडी तिचं नाव बसतं, हे घडलं कसं, ते मुळाशी जाऊन बघावं असं फार दिवस मनात होतं.

विमानानं दोन तासांत पोचलो असतो. पण पुणे, बेंगळुरू, चेन्नई ही सगळी एकाच रस्त्यावरची गावं आहेत. आपल्या दारावरून जाणारा 48 नंबरचा महामार्ग थेट श्रीपेरुंबुदूरवरून चेन्नईत शिरतो. आमचे पंप ट्रकवर बसून याच रस्त्यानं आले.

निघतानाच विषय सुरू झाला, कारण चाकण एमआयडीसीत सानीचा कारखाना आहे. सानी चिनी. 2012 साली सानीनं पुट्झमायस्टर ही जर्मन पंप कंपनी विकत घेतली. त्याच वर्षी एक्ससीएमजी या दुसऱ्या चिनी कंपनीनं श्विंगमधला मोठा हिस्सा घेतला. कार्ल श्लेश्ट यांनी 1958 साली सुरू केलेली पुट्झमायस्टर आणि फ्रीडरिश विल्हेल्म श्विंग यांनी 1934 साली सुरू केलेली श्विंग, काँक्रीट पंपातली जर्मनीची ही दोन्ही घराणी एकाच वर्षात चीनकडे गेली. पुट्झमायस्टरचा भारतातला कारखाना गोव्यात वेर्ण्याला. म्हणजे पंपांच्या जगातली निम्मी भाऊबंदकी पुणे, गोवा आणि चेन्नई या त्रिकोणात नांदते. मामा म्हणाले, "मालक कुणीका असंना, रात्री दोनला फोन कोण उचलतो ते सांगा." पुढचे सगळे दिवस मी याच वाक्याभोवती विचार करत राहिलो.

खंबाटकी, सातारा, कराड. रस्ता रुंद करण्याचं काम ठिकठिकाणी चालू. मामा प्रत्येक पुलाच्या कामाकडे मान वळवून बघतात आणि पंप कुठला ते ओळखतात. कराडच्या पुढे एका पुलावर बूम लागलेला होता. ट्रकवरच्या लांब घडीच्या हाताला आमच्याकडे बूम प्लेसर म्हणतात. त्याच्या टोकाचा रबरी पाइप धरून एक माणूस उभा होता आणि चार जण व्हायब्रेटर घेऊन मागे.

हेच काम मी लहानपणी वडिलांच्या साइटवर पाहिलंय. तेव्हा स्लॅब म्हणजे सणच. आदल्या रात्रीपासून खडी आणि वाळूचे ढीग, सिमेंटच्या थप्प्या. सकाळी नारळ फोडायचा, लिफ्टवाला मिक्सर सुरू करायचा आणि बाया-माणसांची माळ लागायची. भरलेलं घमेलं हातोहात पुढे, रिकामं हातोहात मागे. साठ-सत्तर माणसं. मधे थांबायचं नाही, कारण अर्ध्यात थांबलं की जुन्या-नव्या मालाचा सांधा कच्चा राहतो आणि पावसाळ्यात तिथूनच पाणी झिरपतं. शंभर घनमीटरचा स्लॅब भरायला उजाडलेला दिवस मावळायचा आणि कधीकधी पुन्हा उजाडायचा. आज तेवढाच स्लॅब लहानसा ट्रेलर पंप, म्हणजे गाडीमागे ओढून नेता येणारा पंप, पाच-सहा तासांत भरतो आणि सगळी मिळून पंधरा माणसं पुरतात.

त्या माळेतल्या बायांचं काय झालं, हे मला पंपाच्या धंद्यात राहून विसरता येत नाही. काही क्युरिंगवर, म्हणजे भरलेल्या काँक्रीटवर पाणी मारायला गेल्या, काही साफसफाईला, पुष्कळ जणी गावी परत. डोक्यावरचं ओझं गेलं हे चांगलंच झालं. त्याबरोबर मजुरीही गेली. पंपाचा हिशोब मांडताना हेही मांडलं पाहिजे.

कागलनंतर कर्नाटक. हुबळीला पोचेपर्यंत दुपार कलली होती. गिरमिट आणि मिरची भजी खाल्ली. मुक्काम तिथेच.

मंगळवार : हुबळी ते बेंगळुरू

दावणगेरेला बेन्ने डोसा खायचा हा मामांचा हट्ट. लोणी हात सोडून घातलेलं. पोरानं तीन खाल्ले. चित्रदुर्गाच्या टेकड्यांवर पवनचक्क्या, खाली किल्ला. थांबलो नाही.

तुमकूरच्या पुढे खडीचे क्रशर दिसू लागले आणि मामांचा जीव रमला. पंपवाल्याला दगडात रस असतो, कारण पंप दगडानंच झिजतो. आपल्या दख्खनेत काळा बेसॉल्ट. क्रशर नीट नसला की खडी चपटी निघते, आणि चपटी खडी पाइपाच्या वळणावर आडवी पडून लाइन चोक करते, म्हणजे पाइप तुंबवते. कर्नाटकात ग्रॅनाइटसारखे दगड, तिकडे चेन्नईच्या बाजूला चार्नोकाइट. नदीची वाळू जवळपास सगळीकडून गेली. आता एम-सँड, म्हणजे दगडाचीच केलेली वाळू. तिचे कण टोकदार. तिच्यात बारीक भुकटी कमी पडली की पाणी पुढे पळतं आणि दगड मागे राहतात. मग हातोडा घेऊन पाइप ठोकत फिरायचं. आवाज बद्द आला की चोकअप तिथे.

जर्मनीतला पंप जर्मनीतल्या वाळूवर बेतलेला. तो इथे आणून ठेवला आणि झालं, असं कधीच नसतं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पुण्यात रेडीमिक्सचा, म्हणजे प्लांटमध्ये तयार करून साइटवर आणलेल्या काँक्रीटचा व्यवसाय सुरू झाला, तेव्हा आपल्याकडच्या बहुतेक कंत्राटदारांना स्लम्प, म्हणजे माल किती घट्ट-सैल आहे ते मोजायची सवय नव्हती. माल घट्ट वाटला की मिक्सरमध्ये पाण्याची नळी सोडायची. असा माल घमेल्यातून जातो, पण पंपात घातला की दाबानं पाणी सुटतं आणि लाइन बसते. पंप विकणाऱ्याला त्यामुळे आधी मिक्स शिकवावं लागलं. बारीक माल किती, वीस एमएम आणि दहा एमएमचं प्रमाण काय, फ्लाय ॲशनं काय साधतं, ॲडमिक्स्चर कधी घालायचं, लाइन सुरू करण्याआधी सिमेंटची स्लरी का सोडायची, हे सगळं. रेडीमिक्सचं भारतीय मानक, आयएस 4926, 2003 मध्ये नव्यानं आलं. त्याच्या तीन वर्षं आधी काँक्रीटच्या बांधकामाचं मानक, आयएस 456, सुधारलं होतं. कागदावरचे नियम आणि साइटवरची सवय यांच्यातलं अंतर कमी करायला कंपन्यांच्या सर्व्हिसच्या पोरांनी केलेलं काम कुठे लिहून ठेवलेलं नाही. मी ते पाहिलंय. गुडघाभर चिखलात उभं राहून एखादा मेकॅनिक कंत्राटदाराला सांगायचा, "साहेब, पंप चांगला आहे, वाळू बदला." आणि कंत्राटदार चिडायचा.

बेंगळुरूत शिरताना रस्त्याला लागूनच प्रदर्शनाचं मोठं संकुल आहे. बांधकाम यंत्रांचं एक्सकॉन प्रदर्शन दर दोन वर्षांनी इथे भरतं. तेव्हा सगळे पंपवाले आपापले बूम उघडून आभाळात उभे करतात. आता मैदान रिकामं होतं. ट्रॅफिकबद्दल काय लिहायचं. रात्री नऊला खोलीवर.

बुधवार : बेंगळुरू ते श्रीपेरुंबुदूर

होसूरला तामिळनाडू सुरू. कृष्णगिरीला आंब्यांचे ढीग. आंबूरला जेवण, इथली बिर्याणी सीरगा सांबा या बारीक तांदळाची असते आणि सोबत वांग्याची आंबट भाजी. हे चामड्याच्या धंद्याचं गाव आहे.

वेल्लोरच्या किल्ल्याजवळ दहा मिनिटं उतरलो, कारण मराठी माणसानं इथून न बघता जाऊ नये. महाराजांच्या दक्षिण मोहिमेत या किल्ल्याला वेढा पडला आणि 1678 मध्ये तो मराठ्यांकडे आला. जवळच्या टेकड्यांवरचे साजरा-गोजरा हे किल्ले मराठ्यांचेच. खंदक अजून पाण्यानं भरलेला आहे. पोरानं फोटो काढला आणि विचारलं, इतका दगड वर कसा चढवला असेल. मामा म्हणाले, "माळ लावली असंल रे."

वेल्लोरनंतर रस्त्याचं रूप बदलतं. राणीपेट, मग कारखान्यांचा पट्टा सुरू. बेंगळुरू-चेन्नई द्रुतगती महामार्गही श्रीपेरुंबुदूरलाच येऊन मिळणार. साधारण 260 किलोमीटरचा तो रस्ता काँक्रीट किती पीत असेल, याचा आम्ही गाडीत बसून अंदाज बांधत होतो.

श्रीपेरुंबुदूर हे रामानुजाचार्यांचं जन्मस्थान. राजीव गांधींची हत्या झाली तेही हेच गाव, 21 मे 1991. महामार्गाजवळ स्मारक आहे. त्याच्या पुढे इरुंगाट्टुकोट्टैचं सिपकॉट. सिपकॉट म्हणजे तामिळनाडूची एमआयडीसी. याच वसाहतीत ह्युंदाईचा कारखाना आहे आणि तिथून पहिल्या गाड्या 1998 मध्येच बाहेर पडल्या.

हा शेजार साधा नाही. पंप कंपनीनं इथे जागा का घेतली, याचं अर्धं उत्तर त्यातच आहे. मोटारींचा कारखाना आला की त्याच्या मागे ओतकामवाले येतात, पत्रा कापणारे येतात, हायड्रॉलिकचे होज, सील, गिअरबॉक्स, रंगकाम सगळे येतात. वेल्डिंग जाणणारी हजारो पोरं आयटीआयमधून तयार होतात. काँक्रीट पंप म्हणजे काय, तर चांगलं ओतकाम, चांगलं वेल्डिंग आणि चांगलं हायड्रॉलिक. मोटारींसाठी जमलेल्या या बाजाराच्या मधोमध पंपाचा कारखाना टाकला की एकेक भाग जर्मनीऐवजी वीस-तीस किलोमीटरवरून आणता येतो. शिवाय चेन्नईची बंदरं जवळ. आपल्या चाकणचीही गोष्ट हीच. फोक्सवॅगन आणि महिंद्राच्या शेजारी सानी.

उरलेलं अर्धं उत्तर वेळेत आहे. 1998 च्या ऑक्टोबरात दिल्ली मेट्रोचं काम सुरू झालं. पाठोपाठ सुवर्ण चतुष्कोन आला. आपला पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग 2002 मध्ये पूर्ण खुला झाला. आयटी पार्क, उड्डाणपूल, उंच इमारती. एकदम इतकं काँक्रीट लागू लागलं की घमेल्याला ते पेलणंच शक्य नव्हतं. त्या लाटेत अनेक कंपन्या उतरल्या. टिकल्या त्या सगळ्याच नाहीत.

गुरुवार : इरुंगाट्टुकोट्टै

सकाळी आठला फाटकाशी. टोप्या, बूट, पिवळी जॅकेटं. आवारात ट्रेलर पंप ओळीनं उभे, पिवळे-पांढरे ट्रान्झिट मिक्सर, बॅचिंग प्लांटचे सांगाडे. प्लांट आणि मिक्सर ही स्टेटरची बाजू. स्टेटर मूळची मेमिंगेनची, 1982 मध्ये श्विंगनं घेतली, म्हणून जोडनाव. माल बनवायचा, वाहायचा आणि चढवायचा, तिन्ही कामांची यंत्रं एकाच घरात. भारतात ही गोष्ट फार उपयोगी पडली. कंत्राटदाराला प्लांट घेताना मिक्सर लागतात, मिक्सर घेताना पंप लागतो, आणि बिघाड झाला की तिघांसाठी एकच दार ठोठावायचं.

शाखा सुरू झाल्यापासून बरीच वर्षं तिची धुरा आनंद सुंदरेशन यांच्याकडे होती. नंतर व्ही. जी. शक्तिकुमार आले. मोठी नावं आमच्यासारख्यांना लांबची. आमचा संबंध प्रशिक्षकाशी. मदुराईकडचा माणूस, पन्नाशीचा, हिंदी साइटवर शिकलेली. त्यांनी पोराला विचारलं, "पंप चालू करण्याआधी तू पहिल्यांदा काय बघतोस?" पोरगा म्हणाला, "डिझेल." ते हसले नाहीत. म्हणाले, "पाणी बघायचं."

आणि त्यांनी वॉटर बॉक्सचं झाकण उघडलं.

हे नीट सांगतो, कारण इथे मशीनचा जीव आहे. पंपात दोन सिलिंडर असतात. म्हैस पिळताना दोन हात चालतात तसे आळीपाळीनं. एक हॉपरमधून, म्हणजे माल ओतायच्या कुंडातून, माल आत ओढतो, तेव्हा दुसरा आपला माल लाइनमध्ये ढकलतो. मागून तेलाच्या दाबानं दांडे चालतात. श्विंगनं 1957 मध्ये असा तेलावर चालणारा दोन सिलिंडरांचा पंप आणला, त्यातूनच आजचा पंप वाढला. दांड्याच्या पुढच्या टोकाला रबराचा पिस्टन. माल आणि तेल यांच्या मधे एक पाण्याची पेटी, म्हणजे वॉटर बॉक्स. पिस्टन मागे आला की त्याची पाठ या पाण्यात धुतली जाते आणि थंड होते. आता प्रशिक्षकांनी दोन बादल्यांतलं पाणी दाखवलं. एक स्वच्छ, दुसरं राखाडी, दुधाळ. बोटांत घेऊन चोळायला लावलं. दुसऱ्यात किंचित कचकच लागत होती. म्हणजे सिमेंट पिस्टनच्या कडेनं मागे येतंय, रबर गेलंय. आज बदललं तर थोडक्यात भागतं. महिनाभर तसंच चालवलं तर सिलिंडरचा क्रोम खरवडला जातो आणि खर्च कितीतरी पटींनी वाढतो. पोरगा कितीतरी वेळ ते पाणी चोळत होता.

नंतर व्हॉल्व्ह. दोन सिलिंडरांपुढे इकडून तिकडे झुलणारा, माल कुठून घ्यायचा आणि कुठे सोडायचा ते ठरवणारा तुकडा. पुट्झमायस्टरचा एसच्या आकाराचा पाइप असतो, श्विंगचा आखूड, खाली रुंद, त्याला रॉक व्हॉल्व्ह म्हणतात. तो झुलतो तिथे सगळी घासाघीस. म्हणून तिथे चष्म्यासारखी दोन भोकांची प्लेट आणि कटिंग रिंग बसवतात. हे झिजायचेच भाग. किती घनमीटरला बदलायचे, हे खडीवर अवलंबून. मामांनी आमच्या बेसॉल्टचा अनुभव सांगितला, प्रशिक्षकांनी वहीत लिहून घेतला. मला हे फार आवडलं.

सुरक्षेचा तास सगळ्यात मोठा होता आणि तसाच असायला हवा. इंजिन बंद केलं तरी ॲक्युम्युलेटरमध्ये दाब साठलेला असतो, व्हॉल्व्ह एकदा झुलू शकतो. तो दाब सोडल्याशिवाय हॉपरमध्ये हात घालायचा नाही. जाळी काढून पंप चालवायचा नाही. लाइन चोक झाली की आधी रिव्हर्स मारून दाब काढायचा, मगच क्लॅम्प उघडायचा. बूम उभारताना आउटरिगर, म्हणजे ट्रकचे आधाराचे पाय, पूर्ण बाहेर आणि खाली लाकडाचे ठोकळे. लाइनमध्ये हवा शिरली की टोकाचा होज सापासारखा उसळतो, त्याच्याजवळ उभं राहायचं नाही. आमच्या धंद्यात बोटं गमावलेली माणसं मी ओळखतो. पोरानं सगळं वहीत उतरवलं, देवनागरीत, मोठ्या अक्षरांत. आता ऑपरेटरला इन्फ्रास्ट्रक्चर इक्विपमेंट स्किल कौन्सिलचं प्रमाणपत्रही मिळवता येतं. पूर्वी ऑपरेटर हेल्पर म्हणून लागायचा आणि बघून बघून शिकायचा.

दुपारी गप्पांत पार्बती निघालं. ऑगस्ट 2009, हिमाचलमधला पार्बती जलविद्युत प्रकल्प, सुइंद गावाजवळ. श्विंग स्टेटरच्या पंपानं 715 मीटर उंचीवर काँक्रीट चढवलं आणि तो जागतिक विक्रम ठरला. त्याआधी 2008 मध्ये दुबईच्या बुर्ज खलिफावर पुट्झमायस्टरनं 606 मीटर गाठले होते. मी कागदावर हिशोब मांडला. सव्वाशे एमएमची उभी लाइन धरली, तर 715 मीटरमध्ये जवळपास पावणेनऊ घनमीटर माल मावतो. वजन 21 टन. नुसता तो स्तंभ तोलून धरायला 170 बारच्या आसपास दाब लागतो, घर्षण वेगळंच. एवढं सगळं तळाच्या पंपानं मिनिटाला मिनिट ढकलत राहायचं. वरचा माल थांबून घट्ट झाला तर लाइन कापूनच काढायची. तिथे जे जमलं ते पंप, मिक्स आणि माणूस या तिघांनी मिळून जमवलं.

संध्याकाळी सुट्या भागांचं काउंटर. मामांनी यादी काढली. पूर्वी आमच्याकडे एक आयात केलेला पंप होता, दुसऱ्याच एका कंपनीचा. त्याचा एक भाग परदेशातून यायला दीड महिना लागला. पाऊस तोंडावर, स्लॅब अर्धा, गिऱ्हाईक रोज दारात. त्यानंतर मामांनी ठरवलं, ज्याचे भाग दोन दिवसांत मिळत नाहीत तो पंप घ्यायचा नाही, कितीही चांगला असला तरी. त्यांच्यासारख्या हजारो मामांनी देशभर हेच ठरवलं. प्रादेशिक शाखा वाढते ती इथे. जाहिरातीनं पहिला पंप विकला जातो. दुसरा पंप विकतो तो सीलचा खोका, जो मागवल्यावर तिसऱ्या सकाळी एसटीच्या पार्सलात येतो.

लहान पंपाचंही तसंच. मोठा बूम बघायला भारी, पण कोथरूडच्या गल्लीत तो वळणार कुठे? बीपी 350 सारखा छोटा डिझेल ट्रेलर पंप गल्लीत उभा राहतो, चार-पाच मजले सहज चढवतो, किंमत भाडेवाल्याला परवडते, आणि बिघडला तर तालुक्याचा मेकॅनिकही हात घालू शकतो. आमच्यासारख्यांचे धंदे त्याच्यावर उभे राहिले.

शुक्रवार : कांचीपुरम, चेय्यार

सकाळी कांचीपुरम. वरदराज पेरुमाळचं दर्शन, मग मिरे-आलं-जिरं घातलेली लांबट इडली. घरच्यांसाठी रेशमाची दुकानं, यात दोन तास गेले आणि ते मुद्दाम लांबवून लिहित नाही.

तिथून दक्षिणेला चेय्यार. जिल्हा तिरुवन्नामलै. दोन्हीकडे भाताची खाचरं, ताडाची झाडं, तळी. मधेच सिपकॉटचे रुंद रस्ते. इरुंगाट्टुकोट्टैची जागा अपुरी पडू लागली तेव्हा कंपनीनं इथे नवा, मोठा कारखाना उभारला. कोविडच्या आसपासची ही वर्षं. मार्च 2020 मध्ये सगळ्या साइट बंद होत्या, आमचा पोरगा ट्रकमध्ये बसून गोपालगंजला गेला होता, हप्ते थकले होते. तशा काळातून एखादी कंपनी कारखाना वाढवत बाहेर येते, तेव्हा तिला पुढची पंधरा-वीस वर्षं दिसत असणार.

आणि हेही खरं की धंदा सरळ वर चढत गेला नाही. 2011 नंतर बांधकाम यंत्रांचा बाजार काही वर्षं खाली आला होता. भाडेवाल्यांनी पंप झाकून ठेवले, कित्येकांचे बँकेनं ओढून नेले. त्याच काळात जर्मनीतली मालकी बदलली. आमच्यात तेव्हा कुजबुज होती की आता दर्जा जाणार, भाग चिनी येणार. इथल्या शाखेनं एक्ससीएमजीच्या खोदकामाच्या आणि उचलण्याच्या यंत्रांची विक्री स्वतःकडे घेतली आणि पंप इथेच बनवत राहिली. मालकाचा पत्ता बदलला, कामगाराचा नाही. माझ्या मते शाखेचं खरं वय मूळ कंपनीच्या वयावरून मोजू नये. ज्या दिवशी तिच्या अडचणी तिला स्वतः सोडवता येऊ लागतात, तिथून मोजावं.

फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर शिफ्ट सुटलेली पोरं होती. वीस-बावीसची, आजूबाजूच्या खेड्यांतली. एकानं मोबाइलवर स्वतः केलेल्या वेल्डचा फोटो मामांना दाखवला. बूमच्या हाताचा जोड. मामांनी चष्मा लावून बघितला, बोटांनी मोठा केला, शिवण कुठे थांबली आणि कुठे पुन्हा धरली ते शोधलं. सापडलं नाही. मामांनी त्याच्या चहाचे पैसे दिले. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. हा जोड उद्या तीस-चाळीस मीटर लांब हात होऊन माणसांच्या डोक्यावर फिरणार, हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

शनिवार : पूनमल्ली, आणि परत

परतीच्या आधी पूनमल्ली रस्त्यावर मेट्रोचं काम बघायला गेलो. चेन्नई मेट्रोचा दुसरा टप्पा, तीन मार्ग मिळून 118 किलोमीटरच्या वर. कठड्याबाहेरून बघायची परवानगी सुपरवायझरनं दिली. खांबाच्या माथ्याचं काँक्रीट चाललं होतं. वर होजवाल्यानं मूठ दाखवली की बूम थांबे, बोट फिरवलं की पुन्हा सुरू. ऑपरेटर खाली रिमोट गळ्यात घालून, डोळे वर. आमच्या पोरानं ते हातवारे लगेच ओळखले. वाकडच्या साइटवर हेच चालतात.

काम संपल्यावर त्यांनी लाइनमध्ये स्पंजचा गोळा सोडला. उरलेला माल बाहेर आला, गोळा आला, मग धुलाई. पोरगा आत गेला आणि त्या ऑपरेटरला काहीतरी विचारलं. तो ओडिशाचा निघाला. दोघांनी पंपाभोवती एक फेरी मारली, वॉटर बॉक्सचं झाकण उचललं, आत बघितलं. येताना पोरगा म्हणाला, "साफ है, मामा. एकदम साफ."

दुपारी बाराला निघालो. वेल्लोर मागे पडायच्या आत मामांनी पुण्याला फोन लावला आणि यार्डातल्या पोरांना सांगितलं, सोमवारी एकही पंप बाहेर जायच्या आधी सगळ्यांची पाण्याची पेटी रिकामी करून नवं पाणी भरा, संध्याकाळी त्यातलं पाणी बाटलीत भरून ठेवा आणि बाटलीवर पंपाचा नंबर लिहा. मग त्यांनी यादी उघडून पिस्टनच्या रबराच्या आकड्यापुढे आणखी चार जोड्या लिहिल्या.